तळाचा चिखल आणि बाबांचा दहावा

बाबा गेले तेव्हा मी जहाजावर होते, समुद्राच्या तळातून चिखलाचे नमुने काढत. भिलाईला पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. दहावा तेवढा मिळाला.

माझी नोकरी बाबांच्या कधी पचनी पडलीच नाही. "आपन लोखंडाच्या गावचे, आन् तू चिखल उपसून राहिली," म्हणायचे. प्लांटमध्ये क्लार्की करून रिटायर झालेला माणूस. पोरीनं इथंच कुठं शिकवावं, संध्याकाळी घरी यावं, एवढीच त्यांची इच्छा. मी फोनवर समजावायचे, की तिथं खाली उजेड नाही, हिरवं पान नाही. वरून मेलेलं, कुजलेलं जे पडतं ते आधी जिवाणू खातात. जिवाणूंना बारीक किडे खातात, किड्यांना मासे. जिवाणू नसते तर तळाशी सगळ्यांची उपासमारच. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "मंग घरी कधी येशीन?"

शिवनाथेच्या काठावर पिंड मांडला. कावळा काही येईना. मेले दोन कावळे समोरच्या झाडावर बसून नुसते बघत होते. भावानं आईला सांभाळीन म्हटलं, तरी नाही. आईनं हात जोडले, तरी नाही. मग काका माझ्याकडे वळले. "पोरी, त्यायचा जीव तुयातच अडकला हाये. नोकरी सोडून घरी येईन, म्हन एकदा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. असा संताप आला मला! आणि रडूही. एक वाक्य म्हणायचं होतं फक्त. पण जे मी करणार नाही, ते गेलेल्या बापाला कोणत्या तोंडानं सांगू? ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि पिंड नदीत सोडला.

माणसं पांगली तरी आई पाण्याकडे बघत बसून होती. मी तिच्याजवळ टेकले. तिला जरा बरं वाटावं म्हणून म्हटलं, "आई, वाया नाही जानार तो भात. खाली चिखलात जिवाणू खातीन, मंग किडे, मंग मासे. कोनी ना कोनी खातेच."

आईनं पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"कोनीबी खाल्लेलं चालत असतं बाई, तं सकाळपासून आपन कोनाची वाट पाहून राहिलो होतो?"