खांबाची जागा

आमच्या कारखान्याच्या फुटबॉल टीममध्ये मी कुठे खेळायचो, हे आज कोणाला विचारलंत तर सांगता येणार नाही. माझ्या बायकोलाही नाही. खांब मात्र सगळ्यांना आठवतो. तो पुढे गेला की त्याची रिकामी जागा जो भरायचा, तो मी. माझं सगळं खेळणं एवढंच होतं. म्हणूनच त्याच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा, बाकीच्यांनी जरा गप्प बसावं.

खांब हे नाव मुकादमांनी ठेवलं. उंच, बोलायला महाग, आणि गोलसमोर मधोमध उभा. त्या काळी मागे खेळणाऱ्याकडून कोणी फार अपेक्षा करत नसे. बॉल आला की डोळे मिटून उडवायचा, समोरचा फॉरवर्ड घुसला की आडवं व्हायचं, आणि मॅच संपली की गुडघे चोळत घरी जायचं. मुकादमच आमचे कोच होते. त्यांची सगळी विद्या एका वाक्यात मावायची, "उडव आणि मोकळा हो."

खांबाला नेमकं तेच जिवावर यायचं. पाय दांडगा होता, मनात आणलं असतं तर बॉल कारखान्याच्या छपरावर पोचवला असता. पण तो मला विचारायचा, "एवढी मारामारी करून मिळवलेला बॉल परत त्यांनाच कशाला द्यायचा रे?" मी म्हणायचो, "कारण मुकादम ओरडतात." यावर त्याचं समाधान व्हायचं नाही.

इथे कारखान्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय खांबाचा खेळ कळणार नाही. आमचा कारखाना बाटल्यांचा. भट्टी कधीच विझत नाही. वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा वरून मशीनच्या साच्यात पडतो आणि खालून बाटली बाहेर येते. त्या साच्याच्या आतून मधूनमधून तेलाचा बोळा फिरवावा लागतो. तो फिरला नाही की काच चिकटते, बाटल्या वाकड्या निघतात, एकमेकींवर आपटतात आणि फुटायला लागतात. म्हणून जागा सोडायची नाही, हा पहिला नियम. अगदी पाणी प्यायला जायचं असलं तरी शेजारच्या मशीनवाल्याला ओरडून सांगायचं, "जागा!" तो "भरली!" म्हणाला की मगच पाय उचलायचा. मग तो दोन्ही मशीनकडे बघायचा. "भरली" म्हणून जो भरायचा नाही, त्याला आमच्यात कोणी माणसात धरत नव्हतं.

खांबाचं मशीन आणि माझं मशीन शेजारी शेजारी होतं. दिवसभर तो "जागा" म्हणायचा, मी "भरली" म्हणायचो. एका मॅचमध्ये बॉल त्याच्या पायात आला. समोरची पोरं मागे सरून उभी होती, कारण हा आता उडवणार हे त्यांना ठाऊक होतं. खांबाने उडवला नाही. तो ओरडला, "जागा!" माझ्या तोंडून सवयीने "भरली!" निघून गेलं, आणि म्हणालोच आहे तर भरलीच पाहिजे, म्हणून मी धावत जाऊन त्याच्या जागेवर उभा राहिलो. खांब बॉल घेऊन चालू लागला.

धावला नाही, चालल्यासारखाच गेला. मान वर, बॉल पायाशी, बाजारात निघालेल्या माणसासारखा. समोरच्यांचा गोंधळ बघण्यासारखा होता. प्रत्येकाला कोणाला धरायचं ते वाटून दिलेलं, पण खांब कोणाच्याच वाट्याला आलेला नव्हता! ते एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि हा मधली रेघ ओलांडून गेला. शेवटी एक जण वैतागून त्याच्या अंगावर आला. खांब त्याचीच वाट बघत होता. अंगावर आलेला तो गडी आमच्या ज्या फॉरवर्डला मोकळा सोडून आला होता, त्याच्याकडे जमिनीवरून सरळ पास गेला, दोघांच्या मधून. त्याने पळता पळता नुसता पाय लावला. गोल झाला आणि सगळे त्या फॉरवर्डच्या गळ्यात पडले. खांब तोवर वळून आपल्या जागेकडे परत निघालाही होता.

मुकादमांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण पुढे आम्ही जिंकतच गेलो, तेव्हा तेही मूग गिळून बसले. लोक म्हणायचे, खांब पुढे जाताना एकदाही मागे वळून बघत नाही, काय छाती आहे! छाती कसली? त्याने माझा आवाज ऐकलेला असायचा.

खांब कारखान्याच्याच खोल्यांमध्ये राहायचा. दोन खोल्या, समोर अंगण म्हणावी एवढी फरशी, मागे पाण्याची टाकी. खोलीचा कायदा साधा होता. घरातला एक माणूस भट्टीवर असेपर्यंत खोली तुमची. खांबाच्या आधी त्याचे बाबा त्याच मशीनवर होते. आयुष्यभर त्या लाल गोळ्याकडे बघून एक डोळा गेला होता, दुसऱ्याला नुसत्या सावल्या दिसायच्या. आई आधीच गेलेली. धाकटा भाऊ कामधंदा शोधतोय असं गेली कित्येक वर्षं सांगत होता. खांब भट्टीवरून उतरला तर त्या आंधळ्या माणसाला रस्त्यावर बसावं लागलं असतं.

अशात मोठ्या शहरातल्या क्लबचा एक कोच आमची मॅच बघायला आला. खरं तर तो आमच्या फॉरवर्डसाठी आला होता. मॅच संपल्यावर त्याने फॉरवर्डला बाजूला सारून खांबाला विचारलं, "मागून बॉल घेऊन वर येणारे माझ्याकडे नाहीत. येतोस का? राहायचं-जेवायचं आमच्याकडे. महिन्याने हजर व्हायचं."

खांब मला म्हणाला, "मला भीती वाटतेय."

"कशाची?"

"मला जायचंच आहे रे, त्याचीच."

एवढं सलग तो मॅच जिंकल्यावरही कधी बोलला नव्हता. त्या दिवशी मला कळलं, की त्याला त्या मशीनचा किती वीट आलाय. सकाळी बोळा हातात घेतला की तो सुटीपर्यंतचे तास मोजायला लागायचा, असं त्याने सांगितलं. मी शेजारी उभा असून मला त्याचा पत्ताच नव्हता.

जेवताना त्याने घरात विषय काढला. मीही होतो, बोलावलं होतं त्याने, धीर म्हणून. बाबा ताटात हात तसाच ठेवून बसले. खांबाने धाकट्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, "जागा."

धाकटा हसला. लहानपणापासून ऐकलेलं होतं त्याने. छातीवर हात ठेवून म्हणाला, "भरली, दादा! तू बिनधास्त जा."

माझ्या मनात आलं होतं, की मीच भरतो म्हणावं. पण खोलीचा कायदा शेजाऱ्याला ओळखत नव्हता, घरचंच माणूस लागायचं.

धाकटा भट्टीवर शिकायला यायला लागला. हाताला चटके बसले की दादाकडे बघून हसायचा. खांबाने बॅग भरली, बूट घासूनपुसून वर ठेवले. मुकादमांनी चक्क त्याला मिठी मारली. निघायच्या दिवशी बॅग घेऊन तो आधी भट्टीवर आला, धाकट्याच्या हातात बोळा द्यायला. धाकटा आला नव्हता. आम्ही त्याच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर बघितलं, टाकीमागे बघितलं. मग कोणीतरी सांगितलं की सकाळच्याच गाडीने तो मामाच्या गावाला गेला, मामाने दुकानात ठेवून घेतलंय.

मला त्या धाकट्याचा आजही राग येतो. नंतर तो यायचा, बाबांसाठी शर्ट-बिर्ट घेऊन यायचा, गोड बोलायचा. खांबाने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. मी विचारणार होतो, तर खांबाने माझा दंड धरला.

त्या दिवशी मुकादम नुसतं म्हणाले, "जागेवर कोण आहे?" खांबाने बॅग बाकाखाली सरकवली आणि बोळा उचलला. बाहेर गाडीची वेळ झाली, टळली. मी शेजारच्या मशीनवरून त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

त्यानंतर तो खेळला, पण मधली रेघ त्याने पुन्हा ओलांडली नाही. बॉल पायात यायचा, समोर मैदान मोकळं असायचं. त्याने "जागा" न म्हणताही मी ओरडायचो, "भरली! अरे भरली, जा!" तो डोळे मिटून बॉल उडवून द्यायचा. मुकादम खूश झाले. त्यांच्या मते पोराला अखेर खेळ कळला होता.

पुढचं सगळ्यांचं होतं तसंच त्याचंही झालं. लग्न झालं, वहिनी आल्या, मुलगी झाली, बाबा गेले. मशीन बदललं, बोळा तोच राहिला. संध्याकाळी मी त्याच्याकडे टीव्हीवर मॅच बघायला जायचो. आता दिवस बदललेत. मागचा खेळाडू बॉल घेऊन वर निघाला की सगळं मैदान उठून उभं राहतं, कॉमेंट्री करणारे कौतुकाने बेभान होतात, त्याच्यासाठी क्लब भांडतात. खांब पुढे सरकून बसायचा आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचा, "जागा." पोरगी लहान होती तेव्हा त्याच्या मांडीवरून ओरडायची, "भरली!" आम्ही हसायचो. खांब हसायचा नाही, तिच्या केसांवरून हात फिरवायचा. मला वाटायचं, टीव्हीच बंद करावा. पण तो बघायचा, पुन्हा पुन्हा बघायचा.

पोरगी जमीन मोजायला शिकली. हातात यंत्र घेऊन डोंगरदऱ्यांत फिरायचं काम, आणि तिला दूरच्या शहरात नोकरीही लागली. नेमका तेव्हाच खांब निवृत्त व्हायला आला. खोलीचा कायदा अजून तोच होता. आता मशीनवर बायकाही घेतात, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "मुलीला लावा की इथे. खोली राहील." वहिनींच्या जिवाला घोर लागलेला. "या वयात कुठे जायचं हो आपण?" असं त्या खांबाला विचारायच्या, आणि खांब भिंतीकडे बघत बसायचा. पोरगी ते सगळं ऐकायची. मला म्हणाली, "काका, बाबांनी आजोबांसाठी केलं. मी नाही केलं तर कशी दिसेन?" तिने विचारलं तेही कोणाला! मी तर जन्मभर "भरली" म्हणत आलेला माणूस.

शेवटच्या दिवशी आमच्याकडे एक रीत आहे. जाणारा माणूस शेवटची "जागा!" म्हणतो आणि सगळे मिळून "भरली!" म्हणतात. मॅनेजर हार घेऊन उभे होते. दाराशी वहिनी आणि पोरगी. बदलीचा माणूस अजून कपडे बदलत होता. खांबाने साच्यातून शेवटचा बोळा फिरवला, कपाळ पुसलं आणि भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला, "जागा!"

आम्ही तोंड उघडण्याआधीच दारातून स्पष्ट, खणखणीत आवाज आला, "भरली, बाबा!"

टाळ्या पडल्या. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मॅनेजर कौतुकाने मान हलवत होते, त्यांनी तिच्या नोकरीचं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. आणि खांब मागे वळला. इतक्या वर्षांत "भरली" ऐकल्यावर मी त्याला प्रथमच मागे वळताना बघितलं.

"तू नाही," तो म्हणाला.

"अहो बाबा, पण खोली..."

"जाऊ दे खोली." खांब म्हणाला. "आपण भाड्याने राहू. कुठेही राहू. तू उद्याच्या गाडीने जायचंस. हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही."

"अहो खांबसाहेब," मॅनेजर म्हणाले, "रागाच्या भरात असं..."

"मी रागावलेलो नाही. मी घाबरलोय," खांब म्हणाला. त्याने बोळा मशीनवर ठेवला आणि जागा सोडून निघाला. कोणी "भरली" म्हणायची वाट बघितली नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहजिक होतं, शेजारचं मशीन माझं. इतक्या वर्षांचा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता, हातही अर्धा पुढे झाला होता. मी तो शब्द गिळला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. मुकादमांच्या जागेवर आता जो पोरगा आहे, तो माझ्यावर ओरडत होता.

साच्यात काच चिकटली. एक बाटली वाकडी निघाली, मागची तिच्यावर आपटली, आणि मग फुटायला सुरुवात झाली. खांब पोरीचा हात धरून दारापर्यंत पोचला होता. तो आवाज त्याला माझ्याइतकाच ओळखीचा होता. तो चालत राहिला, मान वर करून, आणि मागे बघितलं नाही.