सिग्नल आमचा नव्हता

दुपारच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की रिक्षावाल्याने सिग्नल तोडला. ते चूक आहे. त्यांचा दिवा हिरवा होता. सिग्नल आम्ही तोडला, मी आणि पप्पांनी.

सकाळी जालन्यात चौकात उभे होतो. गाड्यांच्या हिरव्या दिव्याचे अजून नऊ सेकंद बाकी होते. मी म्हणाले, थांबा. पप्पा म्हणाले, "चल जल्दी, हात दाखवला की थांबतेत सगळे." तळहात वर करून ते निघाले, मीही मागे गेले. आम्हाला वाचवताना रिक्षा दुभाजकावर आदळली. रिक्षावाल्या काकांचा हात मोडला.

हवालदारांनी विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, "सिग्नल आमचाच होता. इला इचारा, माझी पोरगी खोटं बोलत न्हाई."

काका म्हणाले, "बोल ना बेटा, तू तर बघितलं."

मी पप्पांच्या बाजूने मान हलवली.

आमच्या टेंभुर्णी गावात सिग्नल नव्हता. तरी शाळेत घालायच्या आधी पप्पांनी अंगणात लाल फडकं धरून मला थांबायला शिकवलं होतं. खरं बोलायलाही त्यांनीच शिकवलं. आज चौकात त्यांनी माझा तोच खरेपणा खोट्यासाठी वापरला.

घरी आल्यावर म्हणाले, "एवढ्यासाठी बापाला खोटं पाडशील का?" तुमच्या वडिलांनी असं विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?

हवालदारांनी आम्हा दोघांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावलं आहे. पप्पांच्या आधी मी तिथे पोहोचणार आहे, सोमवारी सकाळी.