ड्रम घेऊ का?

माझे सासरे आमच्या घरून आंघोळ न करता गेले, त्या गोष्टीला तीन वर्षं झाली होती.

वैजापूरचा माणूस. विहिरीवर मोटर, हौद काठोकाठ, अंगावर भरपूर पाणी ओतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावत नाहीत. आणि आम्ही राहतो संभाजीनगरात! इथं नळाला पाणी येणं हा सण असतो, फक्त तो कॅलेंडरात छापलेला नसतो. त्या दिवशी अख्ख्या घरात तांब्याभर पाणी निघालं. अप्पांनी त्यात तोंड धुतलं, टॉवेल पिशवीत कोंबला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सुमे, तुझ्या घरात अंगावर घ्यायला पाणी नाय. व्हईल तवा बोलव." गेले ते गेलेच. सुमन दोन दिवस रडत होती. 'हे पाणी बादलीत धरलं असतं तर' असं मी म्हणून बसलो, आणि तिसऱ्या दिवशी माझं जेवण बंद झालं.

आता माझं दुखणं सांगतो. मी कॉलेजात असल्यापासून एका विलायती रॉक ड्रमरचा भक्त आहे. जगप्रसिद्ध माणूस! (नाव सांगत नाही. त्याच्या घरच्यांना माझ्याशी संबंध जोडलेला आवडायचा नाही.) मी त्याला उस्ताद म्हणतो. लहानपणी आईचे बिस्किटांचे डबे बडवायचा, मोठेपणी मैदानंच्या मैदानं हलवली. वाजवता वाजवता काड्या मोडल्या तर पठ्ठ्या नुसत्या हातांनी वाजवायचा. त्याच्या प्रभावाखाली मी ऑफिसात टेबल वाजवतो आणि सिग्नलला थांबलो की हेल्मेट वाजवतो. (एकदा चुकून पुढच्याचं वाजवलं. तो विषय नको.) पण खऱ्या ड्रमसेटला कधी हात लागला नव्हता.

अशात छावणीतला एक ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि त्यांचा सेट विकायला निघाला. मी तिथूनच भीत भीत घरी फोन लावला.

"सुमन, रागवू नकोस… ड्रम घेऊ का?" एवढं बोलून मी फोन कानापासून लांब धरला.

"घ्या की! इचारता काय? मी किती दिवसांची म्हणतेय!"

"पण पाच आहेत."

"पाच? अगं बाई! असू द्या, असू द्या. मोठा केवढाय?"

"तुझ्या कवेत मावायचा नाही."

"देवच पावला! पण नीट ठोकून बघा हं."

"ठोकूनच बघतोय गं!"

माझे डोळे भरून आले. अशी बायको उस्तादाच्याही नशिबात नसेल! आनंदाच्या भरात मी एकच गोष्ट विसरलो. आमच्या शहरात ड्रम म्हणजे पाणी साठवायचं निळं प्लास्टिकचं पिंप. ड्रमला दुसरा अर्थच नाही.

सुमननं तेवढ्या वेळात दोन कामं उरकली. तडा गेलेलं जुनं पिंप भंगारवाल्याला दिलं, आणि वैजापूरला फोन केला. "अप्पा, हे ड्रम आणायलेत, पाच! आता याच तुमी." म्हातारा विरघळला. उद्या सकाळच्या एसटीनं येतो म्हणाला.

टेम्पो दारात आला तेव्हा सुमन हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. तिनं मोठ्या ड्रमवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि तो 'धुम्म' वाजला.

"अहो, याचं तोंड कुठंय?"

"याला तोंड नसतं. कातडं असतं."

"मग पाणी कुठून भरायचं?"

"पाणी? कशाला?"

सुमननं पाचही ड्रम एकेक करून वाकून बघितले. शेवटी ती एवढंच म्हणाली, "उद्या अप्पा बिनआंघोळीचे परत गेले, तर मीबी त्यांच्यासंगं एसटीत बसंन." ताट तसंच घेऊन ती आत गेली. ती गंमत करत नव्हती.

सकाळी अप्पा आले. खांद्यावर टॉवेल टाकून ओसरीत बसले. बसले म्हणजे बसलेच. पाण्याचा आज वार होता, पण वेळेचा पत्ता नव्हता.

"जावईबापू, तवर वाजवा तर खरं. बघू काय आणलंत."

वेळ जाईल, म्हाताऱ्याचं मन रमेल, म्हणून मी उस्तादाचं स्मरण केलं आणि सुरू झालो. धडाम् धुम्म, धडाम् धुम्म!

आता आमच्या गल्लीची रीत अशी की, नळाला पाणी आलेलं जो पहिल्यांदा बघेल त्यानं रिकामं पिंप बडवायचं. पिंप वाजलं की अख्खी गल्ली धावते. आणि मी तर पाच पाच वाजवत होतो! फटाफट दारं उघडली. हंडे, बादल्या, पाइप, एकच कल्ला! सगळ्यांच्या नळाला जोडलेल्या मोटरी घर्रर्र सुरू झाल्या. वरच्या मजल्यावरचे जाधव सर अर्ध्या गालाला साबण लावून जिन्यात, समोरच्या रेहाना भाभी दोन हंडे घेऊन आमच्या दारात.

"भाईजान, पानी किधर है?"

"पाणी नाही भाभी. हे संगीत आहे."

"संगीत? मोटर जल जाती ना मेरी! शरम नै आती आपको?"

"बाराचा तास बुडाला असता ना माझा!" जाधव सर ओरडले. (ते रिटायर होऊन बरेच दिवस झालेत, पण रागात विसरतात.) सगळ्यांनी मला पोटभर शिव्या घातल्या, मोटरी बंद केल्या आणि दारं आपटली.

आणि थोड्या वेळानं आमच्या नळानं फुर्रर्र केलं.

पाणी! खरं पाणी! मी धावत जाऊन जीव खाऊन ड्रम बडवले. कुणी येईना. "पाणी आलं! पाणी आलं हो!" मी तालात ओरडलो. तालात ओरडायला नको होतं.

"बजाव, बजाव!" रेहाना भाभींनी खिडकी लावली. "अब गाना भी शुरू किये!"

गल्लीत एकही मोटर चालू नव्हती, त्यामुळं आमच्या नळाला जन्मात पाहिली नव्हती अशी धार! सुमननं हंडे, पातेली, कुकर, डबे सगळं भरलं. तरी धार थांबेना. तिनं विळी आणली, माझ्याकडं एकदा बघितलं, मोठ्या ड्रमचं कातडं टर्रकन फाडलं, आत प्लास्टिक अंथरलं आणि तोही भरला. माझ्या काळजाचं पाणी झालं. तेवढंच भरायचं राहिलं होतं.

अप्पांनी त्या ड्रममधून तांब्यावर तांबे घेत मनसोक्त आंघोळ केली. बाहेर आले ते लालबुंद होऊन. "सुमे, लई झ्याक पाणी हाय तुझ्या घरी! चार दिस राहतो मी." सुमन त्यांचे केस पुसता पुसता हसत होती आणि रडतही होती. मला वाटलं, जाऊ दे ते कातडं.

मग पाणी गेलं, आणि अख्खी गल्ली आमच्या दारात आली.

"पाणी आलं तर वाजवलं का नाही?" जाधव सर कडाडले.

"अहो, वाजवलं की! हात सुजले माझे!"

काय सांगू? माझा उस्ताद वाजवायला लागला की हजारो माणसं जागेवरून उठायची. मी त्याच्यासारखाच जीव तोडून वाजवलं, आणि नळाला पाणी असूनही संभाजीनगरातलं एक माणूस जागचं हललं नाही!