चौदाचा खिसा

टेलरच्या दुकानात बसायची सवय लागली की दोन गोष्टी साचतात, पायाशी कातरण आणि डोक्यात किस्से. जालन्यात मस्तगडला करीमभाईंच्या दुकानात मी शाळा सुटली की रोज बसायचो. त्यामुळे माझ्याकडे किस्से भरपूर आहेत. दुःख एवढंच, की एकाही किश्शातलं शेवटचं वाक्य माझं नाही.

मी भूगोलाचा मास्तर. अरब देश, अमेरिका, रशिया हा माझा विषय. पण बाजारात कुणाला तिकडची लढाई समजून घ्यायची असली की तो करीमभाईंना विचारायचा. त्यांचं शिक्षण चौथी आणि रेडिओवरच्या उर्दू बातम्या. माझं बी.ए., बी.एड. जळणार नाही तर काय!

*

केदारखेड्याचे भाऊसाहेब शेतकरी. जालन्याला आले की दुकानात टेकायचे. एकदा मी त्यांना अरब देशांतलं अमेरिका-रशियाचं शीतयुद्ध समजावत होतो.

"सर, त्या वाळवंटात कसली आलीय थंडी?" त्यांनी विचारलं.

मी कागद घेतला, दोन गट काढले, बाण काढले. करीमभाई मशीन न थांबवता म्हणाले, "भाऊसाहेब, दोन सेठ घरात शाल पांघरून बसून राह्यले अन् त्यांचे गडी बाहेर लढून राह्यले. सेठलोकांना गार वाटतं, म्हणून शीत."

भाऊसाहेबांना लगेच पटलं. पुढच्या आठवड्यात आमच्या मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर हेच वाक्य मुलांना ऐकवलं, 'आपल्या गावातले एक जाणकार म्हणतात' असं म्हणून. जाणकार! मी तिथंच रांगेत उभा होतो.

*

तेव्हा येमेन दोन होते. एकाच्या पाठीशी रशिया, दुसऱ्याच्या पाठीशी सौदी आणि अमेरिका, आणि दोघांची आपसात मारामारी. करीमभाईंनी गळ्यातला टेप उलटासुलटा करून दाखवला.

"कपडा एक, दर्जी दोन. एक इंचाच्या बाजूनं मापतो, दुसरा सेंटीमीटरच्या. मंग पायजम्याचा एक पाय आखूड होणारच."

हे मात्र मी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आपलंच म्हणून ठोकून दिलं. इंग्रजीचे सर चहाचा घोट घेत म्हणाले, "करीमभाईंचं ना? मी परवाच ऐकलं."

*

इराकनं कुवेत घेतलं तेव्हा मी शाळेतला अॅटलासच दुकानात नेला. तेल, कर्ज, इंग्रजांनी आखलेल्या सीमा, अर्धा तास बोललो. भाऊसाहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी बांध कोरला," ते म्हणाले.

आता यांचंही सुरू झालं! मी अॅटलास मिटला. रशिया या खेपेला गप्प का, असं कुणीतरी विचारलं आणि सगळ्यांनी सवयीनं करीमभाईंकडे पाहिलं. ते रेडिओची सुई फिरवत राहिले. त्यांचा धाकटा भाऊ युसुफ कुवेतला कपडे शिवायला गेलेला होता आणि लढाई लागल्यापासून त्याची चिठ्ठी नव्हती.

*

मग बातमी आली, की तिकडची आपली माणसं बसनं बगदाद, तिथून अम्मान, आणि पुढं विमानानं मुंबईला येतायत. त्या सकाळी करीमभाई पहिल्यांदा माझ्या घरी आले.

"सर, नक्शा दाखवता? रस्ता कितीक हाय?"

"एका सेंटीमीटरला शंभर किलोमीटर," मी अॅटलास उघडून म्हणालो. "टेपची ती बाजू धरा."

त्यांनी कुवेतवर टेप टेकवला, बगदादवरून वळवून अम्मानपर्यंत नेला. चौदा भरले.

"चौदा," ते म्हणाले. "एवढा तर शर्टाचा खिसा असतो, सर."

या माणसानं आपल्याला काहीतरी विचारावं म्हणून मी दहा वर्षं वाट पाहिली होती. त्यानं विचारलं, आणि मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

*

युसुफ पुढं सुखरूप आला. पण हा किस्सा तो यायच्या आधीच्या आठवड्यातला आहे, आणि निदान यात मी आहे.

करीमभाई दिवसभर तोंडातल्या तोंडात 'चौदा, चौदा' करत काम करायचे. त्याच दिवसांत भाऊसाहेबांचा शर्ट शिवायला होता. तो घालून ते दुकानात आले आणि मी बघतच राहिलो. छातीवरचा खिसा पार कमरेखाली उतरला होता. चौदा होता, पण इंच! भाऊसाहेबांनी त्यात तंबाखूची पुडी ठेवलेली. ती काढायला कोपरापर्यंत हात घालावा लागत होता.

करीमभाई मान खाली घालून काज करत होते. त्यांची चूक पकडायची एवढी चांगली संधी मला आयुष्यात मिळाली नव्हती.

"अहो भाऊसाहेब," मी म्हणालो, "हा खिसा..."

भाऊसाहेबांनी माझा हात दाबला आणि हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर. त्याचा भाऊ अजून रस्त्यात हाय."