तरसाचे

मंठ्याजवळच्या आमच्या गावात आमच्या घराला 'तरसाचे' म्हणत. पिकाच्या राखणीला गेलेल्या पणजोबांनी काठीनं तरस मारलं, म्हणून हे नाव. आजोबांच्या सांगण्यात ते तरस म्हातारं होतं. वडिलांनी त्याला तरणं केलं. माझ्याकडे येईपर्यंत ते वासराएवढं झालं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत. तिथं तरसाला लकडबग्घा म्हणतात हे कळल्यावर मी त्याला निम्मा वाघच करून टाकलं. उर्दूचा मला झालेला एवढाच उपयोग.

थोरल्या मुलीला पाहायला टेंभुर्णीची मंडळी आली. मुलगी पसंत पडली. ताटात सुपारी ठेवली; ती फुटली की सोयरीक पक्की. तेवढ्यात मुलाच्या आजोबांनी विचारलं, "पाव्हणं, तुमाला तरसाचे का म्हणतात?"

मला कुणी विचारायचाच अवकाश! उठून पणजोबांची काठी हवेत फिरवली, तरसाची उडी स्वतः मारून दाखवली. त्यात पाण्याचा तांब्या लवंडला. तरस एकदाचं मेलं. मुलाच्या आजोबांनी सुपारीवरचा हात काढून घेतला.

आतून आमची म्हातारी आत्या कडाडली, "अरे बाबा, पुरे! माझा आजा भिऊन बाभळीवर चढल्ता. काट्यांनी खाली उतरता येईना. तरसानं त्याची भाकर खाल्ली अन् गेलं निघून. दुपारी गावानं शिडी लावून उतरवला. चिडवायचं नाव हाय ते!"

मी घोंगडीवर बसलो.

आजोबा सावकाश म्हणाले, "आमी येतानाच पारावर इचारून आल्तो. लोकांनी बराबर हेच सांगितलं. तुमचं ऐकून उठायच्याच बेतात होतो. पोरीला वाढवलं कुणी?"

मुलीची आई तिच्या लहानपणीच गेलेली. "आत्यानं," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं पहिलं खरं वाक्य.

"तुमी न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई."

"मंग फोडा सुपारी."

लग्नाला आम्ही टेंभुर्णीत पोचलो, तर वेशीतच कुणीतरी ओरडलं, "तरसाचे आले रे, शिडी आणा!"

सगळ्यांत आधी आत्या हसली. मी मान वळवली. वेशीपाशी खरंच एक बाभळ होती.