उधळ्या पुत्राची तिची गोष्ट

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी तिसरीत होते आणि नवापूरकडच्या एका मिशन बोर्डिंगमध्ये राहत होते. माझे वडील नंदुरबारजवळच्या खेड्यात शाळामास्तर. रविवारची उपासनाही तेच चालवत. त्यामुळे बायबलमधल्या गोष्टी मला ऐकून ऐकूनच पाठ झालेल्या. बोर्डिंगमध्ये नाताळच्या आधी लहान मुलांची वक्तृत्व स्पर्धा असे. आदल्या वर्षी पहिला नंबर माझा आला होता आणि त्याची घमेंड अजून उतरली नव्हती.

त्या वर्षी बाईंनी माझ्यावर एक मुलगी सोपवली. जूनमध्ये ती डोंगरातल्या एका पाड्यावरून आली होती. घरी भिली बोलणारी, मराठी नुकतीच कानावर पडू लागलेली.

"हिच्याकडून उधळ्या पुत्राची गोष्ट पाठ करून घे," बाई म्हणाल्या. "तुझी जबाबदारी."

आम्ही विहिरीजवळ भांडी घासायला बसलो की मी एकेक वाक्य म्हणायची आणि ती माझ्यामागून म्हणायची. सगळं नीट यायचं, एका शब्दापाशी मात्र गाडी अडायची. "पश्चात्ताप." ती म्हणे, "पस्ताप." मी दहादा म्हणून घेतला, वीसदा म्हणून घेतला. एके दिवशी चिडून माझ्या घरच्या अहिराणीत बोलले, "तू निव्वळ ढ शे." तिला ते कळलं असावं. राखेनं तवा घासत राहिली आणि थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "पस्ताप."

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या लांब खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. समोर टेबल, त्यावर पितळी घंटा. परीक्षक तिघे: आमच्या चर्चचे पाळकसाहेब, नंदुरबारहून आलेले एक हेडमास्तर आणि मिशनच्या मड्डमसाहेब. हेडमास्तरांनी सुरुवातीलाच बजावलं, "खालून कुणी शब्द सुचवायचा नाही. सुचवला तर दोघंही बाद."

माझं भाषण हरवलेल्या मेंढरावर होतं. एकही शब्द चुकला नाही. टाळ्या झाल्या आणि मी जागेवर येऊन बसले. नंतर तिचं नाव पुकारलं.

मी शिकवल्याप्रमाणे ती हात अंगाशी धरून उभी राहिली. मुलानं आपला वाटा मागितला, तो परदेशी गेला, पैसे उधळले, दुष्काळात डुकरं राखायची पाळी आली. इथवर छान झालं. मग तो शब्द आला आणि ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. महिनाभराची माझी मेहनत वाया जाणार, एवढंच माझ्या मनात आलं, आणि मी हळूच म्हणाले, "पश्चात्ताप."

खोली इतकी शांत होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं. मुलगे हसले. हेडमास्तरांनी घंटा वाजवली.

"कोण बोललं?"

मी उभी राहिले.

"बसा. दोघीही बाद."

खरं सांगायचं तर मला तिचं वाईट वाटलं नाही. माझं बक्षीस गेलं म्हणून रडू आलं.

ती मात्र तिथंच उभी होती. पाळकसाहेब उठून तिच्याजवळ गेले. "पुढं काय झालं, बाळ? तुला येतं तसं सांग." मग त्यांनी मोडक्यातोडक्या भिलीत तेच विचारलं. त्या डोंगरांत ते वर्षानुवर्षं पायी फिरले होते.

ती तिच्या बोलीत सांगू लागली. मला निम्मं कळत होतं, निम्मं तिच्या हातांवरून समजत होतं. तिच्या गोष्टीतला मुलगा डोंगराची चढण चढत घरी येत होता. बाप शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकत होता. त्यानं लांबूनच चाल ओळखली, गोफण टाकली आणि धावत खाली आला. मुलगा इतका वाळला होता, तरी कुत्री भुंकली नाहीत. बायबलमधल्या पुष्ट वासराऐवजी तिनं गोष्टीत कोंबडं कापलं. आमच्या खोलीच्या दाराशी बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातल्या बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली एक पदरानं डोळे पुसत होती.

मड्डमसाहेबांनी हळूच विचारलं, "ही काय सांगते?"

"तीच गोष्ट सांगते आहे," पाळकसाहेब म्हणाले.

निकाल बदलला नाही. बक्षीस चौथीतल्या एका मुलाला मिळालं. रात्री जेवताना ती नेहमीसारखी माझ्या शेजारी येऊन बसली. मी विचारलं, "त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता का तुला?" तिनं नाही म्हणून मान हलवली. महिनाभरात मी तो सांगितलाच नव्हता.

"म्हणजे... आपलं चुकनं, आसं मनले लागनं," मी अहिराणीत म्हणाले. माझी मान खाली होती. तिनं थोडा विचार केला आणि त्यासाठीचा तिच्याकडचा शब्द मला सांगितला. मला तो धड म्हणता येईना. तिनं तो पुन्हा पुन्हा म्हणून दाखवला आणि एकदाही रागावली नाही. त्या हिवाळ्यात पाणी, झाड, विस्तव, असे पुष्कळ शब्द तिनं मला शिकवले.

उन्हाळ्याच्या सुट्टीला तिचा बाप तिला न्यायला आला. उंच, उघड्या पायांचा माणूस. माझ्याकडे बोट दाखवून ती त्याला काहीतरी म्हणाली आणि तो हसला. जूनमध्ये मी आगगाडीनं परत आले, तेव्हा ती आलेली नव्हती. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कुणी नाही, असं बाईंनी सांगितलं. मला तिला पत्र लिहायचं होतं. वही उघडली तेव्हा लक्षात आलं की, तिच्या पाड्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.