पाकिटावरचं नाव

नेवासा तालुक्यातल्या एका बाजारगावात, एसटी थांब्याच्या समोर, एकवीस वर्षांपासून माझं मेडिकलचं दुकान आहे. गावात सगळे मला 'डॉक्टर' म्हणतात. मी डॉक्टर नाही, फार्मसीचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण तसं म्हणणाऱ्याला मी कधी थांबवलं नाही. सुरुवातीला ऐकायला बरं वाटायचं, आणि पुढे पुढे मलाच ते खरं वाटायला लागलं.

आमच्याकडे गोळ्यांचं अख्खं पाकीट सहसा कोणी नेत नाही. "दोन द्या," म्हणतात. मग कात्रीने दोन गोळ्या कापून कागदात गुंडाळून द्यायच्या. नाव पाकिटाच्या ज्या टोकाला छापलेलं असतं, ते टोक माझ्या खणात राहतं. आपण काय खाल्लं हे नेणाऱ्याला कळतच नाही. तो विचारतो आणि मी सांगतो, "गॅसची आहे." विषय संपतो. याच पद्धतीने मी माझ्या घरातल्या दोन बायकांचं नुकसान केलं. एक माझी बायको आणि दुसरी माझी मुलगी.

बायकोला पहिल्यांदा झालं ते राहात्याला, एका लग्नात. अक्षतांच्या आधी माईकवरून पाहुण्यांचे सत्कार चालले होते. फेटे, नारळ, आणखी एक नाव, आणखी एक भाषण. ही बायकांच्या घोळक्यातून उठून माझ्याकडे आली आणि मनगट धरून म्हणाली, "अहो, मला काहीतरी होतंय. मी आता मरते." हात बर्फासारखे, कपाळावर घाम, बोटांना मुंग्या. जवळच्या दवाखान्यात नेलं, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. नॉर्मल. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी परतताना मी गाडीत तिला झापत आलो. "चारचौघांत तमाशा केलास. रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे तुला काहीही झालेलं नाही."

घरी येऊन गॅसची गोळी दिली. पुढे सात वर्षं देत राहिलो.

त्या सात वर्षांत ती आधी लग्नांना जायची बंद झाली, मग आठवडे बाजाराला, मग एसटीत बसायची. "बसमधून मधेच उतरता येत नाही," असं ती म्हणायची. मी याला नखरे समजत होतो. तिचे वडील वारले, तेव्हा दहाव्यासाठी आम्ही जामखेडला निघालो. नगरच्या पुढे तासाभरावर तिने कंडक्टरला बस थांबवायला लावली आणि ती उतरून रस्त्याच्या कडेला बसली. आम्ही तिथूनच माघारी आलो. पाहुण्यांना मी फोनवर सांगितलं की तिची शुगर वाढली आहे. तिला शुगर नव्हती. स्वतःच्या वडिलांच्या दहाव्याला जाता आलं नाही म्हणून ती रडत होती, आणि मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

शेवटी दुकानात येणाऱ्या एका औषध कंपनीच्या माणसाने मला विचारलं, "वहिनींना मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलंत का कधी?" आधी मला राग आला. मग मी तिला भाड्याच्या गाडीने नगरला नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी पाऊण तास तिचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हा पॅनिकचा त्रास आहे. भीतीची लाट अचानक उठते, काही मिनिटांत टोकाला जाते आणि ओसरते. पण ती पुन्हा येईल या धास्तीने माणूस एकेक जागा सोडत जातो. नेमाने घ्यायचं औषध दिलं, श्वासाचे आणि बसमध्ये थोडं थोडं बसण्याचे सराव दिले. फारच झालं तर घ्यायला वेगळ्या गोळ्या दिल्या, मोजून सहा. वर्षभरात ती माझ्याबरोबर नेवाशापर्यंत एसटीने यायला लागली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण ज्याला कालपर्यंत काही कळत नव्हतं, त्याला आता सगळं कळायला लागलं. गिऱ्हाईकाने धडधड म्हटलं की मी मान हलवून म्हणायचो, "पॅनिक आहे हे." टेन्शन, भीती, झोप न लागणं, सगळं माझ्या हिशेबी एकच.

मुलगी तेव्हा घरून रोज ये-जा करून नगरला फार्मसीच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती लहानपणापासून पाहुणे आले की आतल्या खोलीत जायची. आम्ही लाजाळू म्हणून कौतुक करत आलो. दुकानात बसवली तर गिऱ्हाईक दिसताच मागे जाऊन खोकी लावायची. लेखी पेपरात पहिल्या पाचांत, पण तोंडी परीक्षा आली की आठ-आठ दिवस जेवण नाही. मी म्हणालो, "तुला आईसारखंच आहे."

"पप्पा, आईसारखं नाही. मला मरेन असं नाही वाटत. सगळे माझ्याकडे बघतायत, माझं चुकणार आणि ते हसणार, असं वाटतं."

"तेच ते," मी म्हणालो.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी मी तिच्या आईच्या त्या सहातली एक गोळी कापली आणि कागदात गुंडाळून तिच्या हातावर ठेवली. फार्मसीची पोर ती. तिने लगेच विचारलं, "कसली आहे? नाव काय?"

"डोकं शांत राहील."

"पण नाव?"

"अगं, बाप आहे मी तुझा. विष देईन का?"

तिने घेतली. पुढचं मला नंतर बायकोकडून कळलं. परीक्षकांसमोर तिची जीभ जड झाली, डोळे मिटायला लागले. तोंडपाठ असलेलं उत्तर अर्ध्यात हरवलं. परीक्षक म्हणाले, "काय बेटा, रात्रभर जागली का?" आणि रांगेतली पोरं हसली. आयुष्यभर ज्याची भीती होती, नेमकं तेच मी तिला घडवून दिलं. पुढे निकालात ती नापास झाली.

परीक्षेच्याच संध्याकाळी तिने आईचं पाकीट शोधून माझ्यासमोर धरलं. "हीच होती ना?" ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पाकीट जागेवर ठेवून ती आत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला गेली नाही. ताप आला तरी माझ्या हातून साधी तापाची गोळीही घेईना.

मी एकटाच नगरला जाऊन डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं. त्या भडकल्या. म्हणाल्या, "ताप मलेरियाचा असतो, टायफॉइडचाही असतो. दोन्हीला तुम्ही एकच गोळी देता का?" खरं उत्तर 'बऱ्याचदा देतो' असं होतं. मग थोड्या शांत होऊन त्यांनी समजावलं. तुमच्या मुलीला माणसांच्या नजरेची भीती आहे, तिचा रस्ता वेगळा. कोणाला एकाच गोष्टीची असते, सुईची, कुत्र्याची, उंचीची. कोणाला धड कारण नसताना महिनोन् महिने सगळ्याचीच काळजी लागलेली असते. वरून सगळं सारखं दिसतं, म्हणून तर नीट विचारावं लागतं. शेवटी म्हणाल्या, "तुमची झोप कशी आहे?"

"मला काही नाही."

"मी झोप विचारली."

मी तो विषय टाळून बाहेर पडलो. रात्री दोन-दोनदा उठून दुकानाचं कुलूप ओढून बघणारा मी, त्यांना काय सांगणार होतो?

मुलीला म्हणालो, चल, तुला घेऊन जातो. "तुमच्याबरोबर नाही येणार," ती म्हणाली. तेव्हा चुलीपाशी बसलेली बायको उठली. "मी नेते हिला. एसटीनं." माझा विश्वास बसला नाही. पण दर पंधरवड्याला त्या दोघी समोरच्या थांब्यावर उभ्या राहायला लागल्या. बायको खिडकीची दांडी घट्ट धरून बसायची, ओठ हलत असायचे, श्वास मोजत असावी. मी काउंटरमागून बघत राहायचो. दोघींच्या कामाचा मी नव्हतो, आणि हे मीच करून ठेवलं होतं.

मुलीला डॉक्टर बाईंकडून सराव मिळाला होता, रोज दहा मिनिटं काउंटरला उभं राहायचं आणि गिऱ्हाईकाशी बोलायचं. एका बाजारच्या दिवशी दुकानात गर्दी असताना एक म्हातारी आली. "डाक्टर, लई धडधडतंय रं. ती मागची गोळी दे दोन." मी सवयीने कात्री उचलली.

"आजी," मुलगी म्हणाली. मान लालबुंद, आवाज कापत होता. "दवाखान्यात दाखवलं का?"

"न्हाई बाई. ह्यो डाक्टर हाय की."

"पप्पा डॉक्टर नाहीत, आजी."

पाच-सहा माणसं होती. एक जण हसून म्हणाला, "घ्या! पोरीनंच डिग्री काढून घेतली." खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. कानशिलं तापली. पोरीने चारचौघांत अपमान केला असंच वाटलं. एकवीस वर्षांत मी एकदाही न उच्चारलेलं वाक्य ते, आणि ज्या पोरीला चार माणसांसमोर तोंड उघडता येत नव्हतं तिला ते उच्चारावं लागलं. हे कळायला मला संध्याकाळ झाली.

काही महिन्यांनी आलेल्या तोंडीच्या फेरपरीक्षेलाही ती आईबरोबरच गेली. जाण्याआधी दुकानात आली, डोकेदुखीचं अख्खं पाकीट फळीवरून स्वतः काढलं, नाव वाचलं, तारीख वाचली, पर्समध्ये टाकलं. मला काही विचारलं नाही. दुपारी फोन वाजला. तीच होती.

"झाली परीक्षा."

"कशी गेली?"

"भीती वाटतच होती. एकदा अडकले. पण सगळी उत्तरं दिली."

मला म्हणायचं होतं, शाब्बास. मला म्हणायचं होतं, चुकलं माझं. तोंडातून निघालं, "काही घेतलं होतंस का जाताना?"

पलीकडून स्टँडवरचा गोंगाट ऐकू येत होता. ती म्हणाली, "आईला देते," आणि फोन आईकडे गेला.